कारभारी कोणता नेमावा?

बैल बाजारात कितीला पडला, याचे आमच्याकडच्या जाणत्या शेतकऱ्याला फारसे कौतुक नसते. तो विचारतो, ‘खातो किती आणि ओढतो किती?’ त्याहूनही जाणता असेल तो हळूच आणखी एक विचारतो, ‘उद्या विकायची पाळी आली तर?’ बैल घेताना हे सगळे प्रश्न विचारणारी माणसे दुकानासाठी कॉम्प्युटर घेताना मात्र एकच प्रश्न विचारतात, ‘कितीला?’ राहून गेलेल्या त्या प्रश्नांसाठी हा लेख आहे.

मी कॉलेजात मराठी शिकवतो. समास सोडवणे आणि वृत्ते ओळखणे हा माझा व्यवसाय. यंत्राशी माझा संबंध प्रश्नपत्रिका टाइप करण्यापुरता. परंतु कागलसारख्या गावात ‘सरांना कॉम्प्युटरवर मराठी टाइप करता येते’ एवढा लौकिकही माणसाला पंचाच्या आसनावर बसवावयास पुरतो. गेल्या काही दिवसांत दूधसंस्थेचे सेक्रेटरी, भांड्यांचे एक दुकानदार, लग्नपत्रिका छापणारे प्रेसवाले आणि इथल्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत सुट्या भागांचे लहानसे वर्कशॉप चालवणारा माझा एक जुना विद्यार्थी असे चौघे माझ्याकडे येऊन गेले. चौघांचे गाऱ्हाणे एकच होते.

“सर, मशीन चांगलं चालतंय की. मग नवीन कशापायी घ्यायचं?”

या गाऱ्हाण्याचे मूळ एका तारखेत आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या आपल्या प्रणालीची मोफत देखभाल थांबवली. २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आलेली ही प्रणाली त्या दिवशी बंद पडली असे नव्हे. कॉम्प्युटर पूर्वीसारखाच सुरू होतो, बिले निघतात, पत्रे छापली जातात. फक्त चोरवाटा सापडल्या की त्या बुजवण्यासाठी कंपनीकडून जी डागडुजी होत असे, ती थांबली. घर उभे आहे, पण रखवालदार घरी गेला, असा हा प्रकार आहे. बरे, पुढच्या ‘विंडोज ११’ कडे जावे, तर तिला यंत्रात सुरक्षेची एक विशिष्ट चिप लागते आणि प्रोसेसरही साधारण २०१८ च्या अलीकडचा लागतो. म्हणजे २०१६ साली घेतलेले, अजून ठणठणीत असलेले यंत्र कंपनीच्या नियमाने सेवानिवृत्त!

माझा भाचा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्याला फोन केला, तर तो म्हणाला, “मामा, एवढा विचार कशाला करताय? सगळ्यांना लिनक्स टाकून द्या. फुकट आहे.”

हे मी सेक्रेटरींना सांगितले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “सर, फुकटचं काय पचत न्हाई बघा.”

भाचा आणि सेक्रेटरी यांच्या या दोन वाक्यांत साऱ्या जगातला एक जुना वाद सामावलेला आहे. कोट्यवधी रुपयांची उलाढाल करणाऱ्या कंपन्या आणि सरकारे या वादात गेली पंचवीस वर्षे पडलेली आहेत. त्यातून कागलच्या माणसाने काय घ्यावे, ते आता पाहू.

तीन उमेदवार

कॉम्प्युटर हे नुसते यंत्र. त्याच्यात बसून सर्वांकडून कामे करवून घेणारी जी प्रणाली, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. मराठीत मी तिला कारभारी म्हणेन. (आमच्या भागात हा शब्द बायका नवऱ्याला उद्देशूनही वापरतात. तो अर्थ येथे अभिप्रेत नाही, जरी दोघांच्याही लहरीपणाविषयी तक्रारी सारख्याच असल्या तरी.) आज धंद्याच्या टेबलावर या जागेसाठी तीन उमेदवार आहेत.

पहिला विंडोज. याचा पगार बहुधा यंत्राच्या किमतीतच धरलेला असतो. गावातल्या प्रत्येक कारकुनाची याच्याशी ओळख, प्रत्येक प्रिंटर याला मानणारा, आणि टॅलीसारखा हिशेबाचा प्रोग्रॅमही याच्याच घरात नांदणारा.

दुसरा अ‍ॅपलचा मॅक. हा आपले घर, म्हणजे यंत्रसुद्धा, स्वतःच घेऊन येतो. दिसायला देखणा, वागायला शिस्तीचा, पण नेमणुकीलाच खिसा हलका करणारा. छपाई, चित्रे आणि जाहिराती यांच्या धंद्यात त्याला मान आहे.

तिसरा लिनक्स. १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने याचा गाभा लिहिला आणि जगापुढे ठेवला. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ पासून अशाच खुल्या प्रणालीची खटपट चालवली होती. दोन्ही प्रवाह मिळाले आणि कोणीही वापरावी, उघडून पाहावी, दुरुस्त करावी अशी प्रणाली तयार झाली. उबुंटू, डेबियन, मिंट ही तिचीच निरनिराळी रूपे. हा पाहुणा आपल्याला अनोळखी वाटतो, पण आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे, आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातल्या सर्वांत बलाढ्य पाचशे महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो.

मराठीचा शिक्षक म्हणून एक गोष्ट येथे सांगावीशी वाटते. लिनक्सला इंग्रजीत ‘फ्री’ म्हणतात, आणि त्या एका शब्दाने जगभर गोंधळ घातला आहे. आपली भाषा येथे इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे. आपल्याकडे दोन शब्द आहेत : ‘फुकट’ आणि ‘मुक्त’. भाच्याने फुकट म्हटले, आणि सेक्रेटरी भ्याले ते त्या फुकटालाच. लिनक्सचा खरा गुण मुक्तपणा हा आहे. फुकटपणा हा त्याचा एक परिणाम, आणि तोही नेमणुकीपुरताच.

पगार दिसतो, खाणे दिसत नाही

कारभाऱ्याचा खर्च नेमणुकीच्या दिवशी संपत नाही, हे कोणी नवे सांगावयास नको. तरी कॉम्प्युटरच्या बाबतीत हे जगाला सांगावे लागले. १९८७ साली गार्टनर या सल्लागार कंपनीने हिशेबाची एक पद्धत मांडली. यंत्र खरेदी केल्यापासून टाकून देईपर्यंत त्याच्यापायी जे जे खर्च होते त्याची बेरीज करावयाची, हे तिचे सार. आपण तिला ‘मालकीचा एकूण खर्च’ म्हणू. यंत्र आणि परवाना हे तिच्यातले फक्त पहिले दोन रकाने. पुढे माणसांना शिकवणे, रिपेअरवाला, बंद पडलेल्या दिवसांचे नुकसान, जुनी माहिती नव्यात आणणे, आणि शेवटी त्या प्रणालीतून बाहेर पडणे, असे रकाने येतात.

समजा, दुकानात १५ हजार रुपये पगाराचा एक कारकून आहे. नवी प्रणाली त्याच्या हाताला बसत नाही, म्हणून रोज फक्त पाव तास जादा जातो. वर्षाचे ३०० दिवस धरले, तर ७५ तास झाले. म्हणजे आठ तासांचे नऊ दिवसांहून अधिक. २६ दिवसांच्या महिन्याच्या हिशेबाने ही रक्कम सुमारे ५,४०० रुपये होते. असे तीन कारकून असतील तर वर्षाला १६ हजारांच्या वर. हा पाव तास दोन-तीन महिन्यांत नाहीसा झाला तर फुकटचा लिनक्स खरोखरच स्वस्त. तो पाच वर्षे तसाच राहिला तर ८० हजारांना पडला! सेक्रेटरींना न पचणारे फुकट ते हेच.

पण थांबा. हाच हिशेब दुसऱ्या बाजूनेही करावयास हवा. विंडोज १० वरच राहू इच्छिणाऱ्या व्यावसायिकांसाठी मायक्रोसॉफ्टने जादा देखभालीची सशुल्क सोय ठेवली. पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट, तिसऱ्या वर्षी त्याच्याही दुप्पट, आणि तीन वर्षांनंतर कायमचा रामराम. एका यंत्रामागे एकूण ४२७ डॉलर झाले. घरगुती ग्राहकांसाठी वेगळी, एका वर्षाची, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सोय केली गेली. म्हणजे कारभारी जुना झाला की त्याचा पगार दरसाल दुप्पट होतो, आणि तो किती वाढावा हे ठरवण्याचा अधिकार मालकाला नसतो.

आणखी एक ‘फुकट’ आपल्याकडे सर्रास चालते. त्याचा उल्लेख सभ्य लेखात होत नाही, म्हणून मुद्दाम करतो. कोणीतरी पेनड्राइव्हवर आणून टाकलेली विंडोजची चोरटी प्रत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या ६३ ‘ब’ या कलमाप्रमाणे चोरटा प्रोग्रॅम जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे. त्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. शिवाय कुलूप फोडून आणलेल्या कारभाऱ्याबरोबर आणखी कोण कोण घरात शिरले आहे, ते कळावयास मार्ग नसतो. ज्या संस्थेत दुसऱ्यांचे पैसे आहेत, तिने हे धाडस करू नये.

साक्षीदाराला पैसे कोणी दिले?

‘मग मोठमोठ्यांनी हिशेब केलेच असतील, त्यांचे उत्तर काय?’ असे आपण विचाराल. हिशेब पुष्कळ झाले. मौज अशी की, ज्याने हिशेबाचे पैसे दिले त्याचीच बाजू बहुधा स्वस्त निघाली.

२००२ साली आय.डी.सी. या कंपनीने सर्व्हरच्या पाच प्रकारच्या कामांत विंडोज आणि लिनक्स यांची तुलना केली. पाचांपैकी चार कामांत विंडोज स्वस्त ठरले. हा अभ्यास मायक्रोसॉफ्टने पैसे देऊन करवून घेतला होता. २००४ साली लिनक्स विंडोजच्या दहापट महाग पडते, अशा अर्थाची मायक्रोसॉफ्टची एक जाहिरात ब्रिटनमध्ये आली. तिथल्या जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने ती दिशाभूल करणारी ठरवली. तुलनेत विंडोज बसवले होते साध्या सर्व्हरवर आणि लिनक्स आय.बी.एम.च्या अवाढव्य मेनफ्रेमवर. एकाला सायकलवर बसवावयाचे, दुसऱ्याला हत्तीवर, आणि मग चाऱ्याचा हिशेब मांडावयाचा!

आता दुसऱ्या बाजूचा साक्षीदार. केरळातल्या शाळा अनेक वर्षे मुक्त प्रणालींवर चालतात. २०१९ साली तिथल्या ‘काइट’ या सरकारी संस्थेने दोन लाखांवर संगणकांत लिनक्स बसवून ३ हजार कोटी रुपये वाचतील असे सांगितले. काम खरोखर मोठे आहे, आपल्या राज्याने धडा घ्यावा असे आहे. परंतु भागाकार करून पाहा. एका संगणकामागे बचत येते दीड लाख रुपये. शाळेतल्या संगणकाचीसुद्धा किंमत एवढी नसते. प्रत्येक यंत्रावर सगळे महागडे प्रोग्रॅम बाजारभावाने विकत घेतले असते तर, असा तो हिशेब आहे. त्या भावाने ते कोणी घेतलेच नसते.

मॅकची बाजू आय.बी.एम.ने मांडली. आपल्या कर्मचाऱ्यांना मॅक दिले, तर चार वर्षांत दर यंत्रामागे काहीशे डॉलर वाचतात, कारण मदत मागणारे फोन कमी येतात, असे या कंपनीने २०१६ साली जाहीर केले. जिचे नाव एके काळी ‘पीसी’शी जोडलेले होते तिने हे म्हणावे, हे विशेषच. पण हजारो यंत्रे एकदम घेणाऱ्या कंपनीचा हिशेब तीन यंत्रांच्या दूधसंस्थेला जसाच्या तसा लागू पडत नाही.

सर्वांत बोधप्रद गोष्ट जर्मनीतल्या म्युनिक शहराची. तिथल्या नगरपालिकेने २००३ साली विंडोज सोडून लिनक्सवर जाण्याचे ठरवले. दहा वर्षे खपून २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार यंत्रे बदलली. एक कोटी युरोंहून अधिक बचत झाली असे पालिका म्हणाली. मायक्रोसॉफ्टने करवून घेतलेल्या अभ्यासाने याच्या अगदी उलट सांगितले. पुढे सत्ता आणि मने दोन्ही बदलली, आणि २०१७ च्या नोव्हेंबरात शहराने परत विंडोजकडे जावयाचे ठरवले. जाण्याचा खर्च झाला, तसा परतण्याचाही. प्रणाली वाईट होती म्हणून हे झाले, असे म्हणता येत नाही. मधल्या काळात दोन्ही प्रकारची यंत्रे सांभाळावी लागली, इतर कचेऱ्यांशी कागदांची देवघेव करताना अडचणी आल्या, आणि निर्णयामागे कायम उभे राहणारे कोणी उरले नाही. मधोमध थांबलेला बदल हा दोन्ही टोकांपेक्षा महाग पडतो, हे म्युनिकचे सार आहे.

भरवसा कोणाचा धरावा?

आता ‘ओढतो किती’ याकडे वळू. येथेही तिन्ही उमेदवारांच्या चारित्र्यावर डाग आहेत.

२०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने सुमारे दीडशे देशांतली दोन लाखांवर विंडोज यंत्रे कुलूपबंद केली. ब्रिटनमधली इस्पितळेसुद्धा अडकली. गंमत अशी की, ती चोरवाट बुजवणारी डागडुजी मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच पाठवली होती. ज्यांनी ती बसवून घेतली नाही ते बुडाले. विंडोज १० ची देखभाल थांबली म्हणजे काय, याचे गांभीर्य ज्याला कळत नसेल त्याने हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. उलट, १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेली डागडुजीच सदोष निघाली, आणि सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळा पडदा दाखवून बसली. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, ते त्याच दिवशी. औषध न घेतल्याने मेले ते २०१७ साली, आणि औषधाने आजारी पडले ते २०२४ साली!

लिनक्सचेही तसेच. सर्व्हरसाठी लोकप्रिय असलेल्या ‘सेंटओएस ८’ या फुकट रूपाची देखभाल २०२९ पर्यंत चालेल या भरवशावर अनेकांनी ते घेतले. डिसेंबर २०२० मध्ये ते चालवणाऱ्या रेड हॅट कंपनीने सांगितले की, मुदत २०२१ अखेरच संपेल. आठ वर्षे गेली. मात्र येथे मुक्तपणाचा गुण दिसला. प्रणाली उघडी असल्यामुळे इतरांनी तीच घेऊन अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स ही रूपे उभी केली, आणि लोकांना फार मोडतोड न करता तिकडे जाता आले. २०२४ च्या मार्चमध्ये लिनक्सच्या एका बारीकशा भागात कोणीतरी मोठ्या हुशारीने चोरदार बसवल्याचे उघडकीस आले. सर्व्हरमध्ये प्रवेश करताना अर्धा सेकंद जास्त का लागतो, या शंकेवरून ते शोधले आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. आणि तो नोकरीला कोठे? मायक्रोसॉफ्टमध्ये!

अ‍ॅपलचा कारभारी घर सहसा मोडत नाही, पण घरेच बदलतो. २००६ साली त्याने एक जातीचे प्रोसेसर सोडून इंटेल धरले, २०२० साली इंटेल सोडून स्वतःचे प्रोसेसर धरले. प्रत्येक वेळी जुनी यंत्रे आणि जुने प्रोग्रॅम काही वर्षांनी मागे पडले.

म्हणून, ‘बंदच पडत नाही’ अशी प्रणाली शोधण्यात अर्थ नाही. आमच्या भागात हा धडा जुना आहे. कोल्हापूरचे उद्यमनगर ऑइल इंजिनांसाठी प्रसिद्ध होते. इंजिन घेताना शेतकरी विचारत असे, ‘बंद पडलं तर मिस्त्री किती लांब हाय?’ विंडोज दुरुस्त करणारा कागलात हाकेच्या अंतरावर आहे. लिनक्स जाणणारा कोल्हापुरात शोधावा लागेल, आणि मॅकसाठी तर त्याहून दूर विचारणा करावी लागेल. भरवशाची खरी मोजणी ही अशी आहे : बंद पडले तर किती तासांत पुन्हा उभे राहील?

चोपड्या कोणाच्या ताब्यात?

तरीही माझ्या मते सर्वांत मोठा प्रश्न वेगळाच आहे, आणि मराठी माणसाने तो स्वतःच्या अंगावर अनुभवला आहे. कारभारी सोडून गेला, तर चोपड्या कोणाच्या ताब्यात राहतात?

कॉम्प्युटरवर मराठी छपाई सुरू झाली तेव्हा निरनिराळ्या कंपन्यांनी आपापले फाँट काढले. त्यांतली युक्ती अशी होती की, यंत्राच्या मनात रोमन अक्षरच असावयाचे, फक्त त्याचा मुखवटा देवनागरी. एका प्रचलित फाँटमध्ये पडद्यावर ‘क’ दिसे, पण यंत्राने लिहून ठेवलेले असे रोमन ‘डी’. दुसऱ्या फाँटमध्ये त्याच ‘क’ साठी दुसरेच काही. फाँट गेला की मुखवटा गळून पडे आणि खाली नुसती अक्षरांची खिचडी उरे. वास्तविक १९९१ सालीच युनिकोड या जागतिक संकेताने देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला होता. ‘क’ चा क्रमांक ०९१५, मग यंत्र विंडोजचे असो, मॅकचे असो की लिनक्सचे. मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखलेला ‘मंगल’ हा युनिकोड फाँट विंडोजबरोबर घरोघरी गेला. तरी छपाईचा धंदा अनेक वर्षे मुखवट्यांवरच चालला.

परिणाम काय झाला, ते आमच्या कॉलेजच्या वार्षिकांच्या गठ्ठ्यात दिसते. छापील अंक कपाटात आहेत, कोणीही उघडून वाचावेत. त्याच अंकांच्या कॉम्प्युटरमधल्या फायली उघडल्या, तर विद्यार्थ्यांच्या कवितांच्या जागी रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांचा उकिरडा दिसतो. कागदाला वाळवी लागते, म्हणून आपण यंत्राकडे गेलो. यंत्रातल्या या वाळवीने वीस वर्षांतच शब्द खाल्ले. आमच्या प्रेसवाल्यांकडे तर पंचवीस वर्षांच्या पत्रिका, अहवाल आणि स्मरणिका अशाच अडकल्या आहेत. फाँट बदलून देणारे प्रोग्रॅम मिळतात, पण जोडाक्षरांचे डोळे आणि रफार हाताने तपासावे लागतात. तो सारा वेळ हा जुन्या कारभाऱ्याच्या निरोपसमारंभाचा खर्च आहे, आणि खरेदीच्या पावतीवर तो कधीच लिहिलेला नव्हता.

हिशेबाचेही तेच. वर्षानुवर्षांचे खाते ज्या प्रोग्रॅममध्ये आहे, तो ज्या प्रणालीत चालतो, तिचे आपण बांधील होतो. टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही. आडवाटेने चालवता येते, पण ती वाट कारकुनाच्या नव्हे, तज्ज्ञाच्या पायांची. उलट मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचा ‘ईआरपीनेक्स्ट’ हा मुक्त प्रोग्रॅम लिनक्सवर उत्तम चालतो. पण तो बसवावयास जाणकार हवा. म्हणून प्रणाली निवडताना प्रथम प्रणालीचे नाव काढूच नये. प्रथम आपले प्रोग्रॅम पाहावेत, आणि त्यांच्यातली माहिती सर्वांना वाचता येईल अशा रूपात बाहेर काढता येते का, ते पाहावे.

कागलपुरता निवाडा

आता चौघांना मी काय सांगितले ते लिहितो. सर्वांना एकच उत्तर नाही, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल.

भांड्यांच्या दुकानदारांना म्हणालो, “तुमचे सगळे काम टॅलीचे. हिशेब लिहिणारा मुलगा विंडोजच जाणतो. तुम्ही अस्सल परवान्याचे, विंडोज ११ चालेल असे एक यंत्र घ्या. आठव्या पिढीनंतरचे चांगले सेकंडहँड मिळाले तरी चालेल.” त्यांच्यासाठी लिनक्सची फुकट नेमणूक महाग पडली असती.

दूधसंस्थेत तीन यंत्रे. एकाला वजनकाटा आणि फॅटचे यंत्र जोडलेले, आणि तो प्रोग्रॅम विकणारा माणूस विंडोजशिवाय बोलत नाही. दहा दिवसांचे बिल अडले तर उत्पादक दारात उभे राहतील. म्हणून तेथे नवे विंडोज यंत्र. उरलेल्या दोघांवर फक्त सभेच्या नोटिसा, इतिवृत्ते आणि पत्रे. त्यांच्यावर लिनक्स आणि लिबरऑफिस. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे मोफत देखभाल मिळते. दोन ठणठणीत यंत्रे भंगारात जावयाची वाचली. सेक्रेटरींनी मिश्या चोळत विचारले, “आणि मराठी?” मी म्हणालो, “तेच युनिकोड, तोच इनस्क्रिप्ट कीबोर्ड. अक्षराला कारभारी कोण आहे ते कळतसुद्धा नाही.”

प्रेसवाल्यांना विंडोज किंवा मॅक यांतूनच निवडावे लागेल, कारण कोरलड्रॉ आणि फोटोशॉप लिनक्ससाठी निघतच नाहीत. पण त्यांना मी यंत्राच्या आधी एक काम सांगितले : महत्त्वाचे जुने मजकूर युनिकोडमध्ये आणून ठेवा. वर्कशॉपच्या विद्यार्थ्याला सांगितले की, ड्रॉइंगची यंत्रे विंडोजवर राहू देत, सर्व फायली साठवणारे मधले यंत्र मात्र लिनक्सचे कर. ते काम लिनक्स वर्षानुवर्षे निमूटपणे करतो, आणि त्याच्यापुढे रोज बसणारा कारकून नसल्यामुळे शिकवण्याचा खर्चही नाही.

भाच्याला हा निवाडा फारसा आवडला नाही. “मामा, तुम्ही सगळ्यांना खूश केलंत,” तो म्हणाला. तसे मुळीच नाही. चौघांनाही मी एक अट घातली, आणि ती कोणालाच आवडली नाही : आठवड्यातून एकदा साऱ्या हिशेबांची आणि कागदांची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावयाची, ती यंत्रापासून दूर ठेवावयाची, आणि महिन्यातून एकदा ती दुसऱ्याच यंत्रावर उघडून पाहावयाची. उघडली, तर चोपड्या तुमच्या. नाही उघडली, तर तुम्ही मालक नव्हे, कारभाऱ्याचे भाडेकरू आहात.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण वहीवर हळदकुंकू वाहतो. आता पुष्कळ दुकानांत वहीच्या जागी कॉम्प्युटर असतो आणि बिचाऱ्या कीबोर्डवर अक्षता पडतात. पडोत. पण पूजा यंत्राची नव्हे, वहीची असते, हे आपल्या वाडवडिलांना पक्के ठाऊक होते. दिवाणजी आले आणि गेले, वही पेढीवरच राहिली. यंदा समई लावण्यापूर्वी दुकानातल्या त्या नव्या वहीची एक प्रत काढून तिजोरीत ठेवा, आणि मग खुशाल कोणताही कारभारी नेमा.